काळी दोन

रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा रस्ता सिलतऱ्याच्या हद्दीत शिरला की झाडांच्या पानांचा रंग बदलतो. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळसर भुकटी पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पाने वर्षभर अंगावर बाळगतात. येथल्या भट्ट्या सहसा थंड होऊ दिल्या जात नाहीत. हजार अंशांच्या आसपास तापलेली ती लांबलचक नळकांडी मिनिटाला एक फेराही पुरा न करता अहोरात्र फिरत असतात, आणि त्यांच्या पोटात जाणारे लोहखनिज, कोळसा, डोलोमाइट वाहून आणणारे ट्रकही थांबत नाहीत. त्यामुळे काटाघराला रात्र नसते. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन होते; रिकामी होऊन ती परत येते, पुन्हा वजन होते; दोहोंची वजाबाकी पावतीवर छापली जाते. मालाचे खरे वजन ते.

अशा एका काटाघरात त्याने चोवीस वर्षे ही वजाबाकी केली आहे. वय अठ्ठेचाळीस. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त नागपूरकडून आले तेव्हा ते परप्रांतात आले नव्हते. नागपूर आणि रायपूर एकाच मध्य प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि घर न हलवताच ते कुटुंब परराज्यातले झाले. २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड झाले. राज्याचे नाव अशा रीतीने बदलत गेले. घरातली भाषा मराठीच राहिली, निदान तो तसे समजत आला होता. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात तो नेमाने जातो. मुलांच्या कानांवर मराठी पडत नाही अशी तक्रार तिथे ज्यांच्याकडून नेहमी ऐकू येते, त्यांत तो अग्रभागी असतो.

३ डिसेंबर २०२५च्या रात्री, दोनच्या सुमारास, गाड्यांची रांग जरा ओसरली आणि त्याने फोन उघडला. स्पॉटिफायने त्याच्या वर्षभराच्या श्रवणाचा गोषवारा पाठवला होता. ही सेवा भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आली, आणि दर वर्षाच्या अखेरीस ती प्रत्येक श्रोत्यापुढे त्याचा हिशेब ठेवते: किती मिनिटे ऐकले, कोणाला ऐकले, कोणते गाणे किती वेळा. रंगीत पाने एकामागून एक सरकत गेली. एकूण मिनिटे ४६,३००. काट्यावर बसणाऱ्या माणसाला आकडा पाहून आनंद होत नाही, शंका येते. इतके गाणे आपण ऐकले केव्हा?

पुढच्या पानाने उत्तर दिले. त्याचे सर्वांत आवडते ‘गाणे’, ३,४८० वेळा वाजलेले, गाणे नव्हतेच. तो तंबोरा होता. काळी दोनमध्ये लावलेला, दहा मिनिटे अखंड झंकारणारा आणि संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होणारा.

त्याचा उगम झोपेत होता. तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्रपाळी असते. सकाळी सहाला सुटून आलेला माणूस दिवसा झोपू पाहतो, आणि बाहेरच्या रस्त्यावरून लोखंड वाहणारे ट्रक खड्ड्यांत आदळत जातात. खिडकीला गोधडी लावून उजेड अडतो, आवाज अडत नाही. त्यावर कोणी पंखा जोरात लावतो, कोणी कानात कापूस घालतो. त्याने दोन वर्षांपूर्वी उशाशी तंबोरा लावून पाहिला आणि तो लागू पडला. तंबोरा आवाजाला अडवत नाही. त्याला आपल्या पोटात घेतो. अनेक पट्ट्यांतून काळी दोनच का निवडली, याचा विचार त्याने केला नव्हता.

त्याने एका रद्द पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. भरल्या गाडीचे वजन ४६,३००. त्यातून तंबोऱ्याची ३४,८०० मिनिटे वजा. उरली ११,५००, म्हणजे रोजचे अर्ध्या तासाहून थोडे अधिक. माल एवढाच. आता या मालात काय आहे ते पाहावे म्हणून तो पुढे गेला. दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर लक्ष्मण मस्तुरियांची छत्तीसगढी गीते होती, १९७१ साली रामचंद्र देशमुखांनी उभ्या केलेल्या ‘चंदैनी गोंदा’च्या काळाची आठवण देणारी. तिसऱ्यावर मोहम्मद रफींचे एक जुने चित्रपटगीत. पाचव्यावर नवरात्रात गावोगाव घुमते तसले एक जसगीत.

मराठी गाणे नव्हते. त्याने पाने मागे नेली, पुन्हा पुढे आणली. पाचांत नव्हते. कलावंतांच्या पाच नावांतही एक मराठी नाव नव्हते.

अखेरच्या पानांपैकी एकावर या वर्षी एक नवी टूम होती: ऐकण्याचे वय. माणूस तारुण्याच्या उंबरठ्यावर जी गाणी ऐकतो ती त्याला जन्मभर पुरतात, या समजुतीचा आधार घेऊन ती सेवा श्रोत्याच्या गाण्यांची साले पाहते आणि ती साले समवयस्कांहून किती दूर आहेत यावरून त्याचे वय ठरवते. त्याचे वय तिने ७४ सांगितले.

तो बुधवार होता. ३ डिसेंबर १९५२ हाही बुधवारच होता, आणि त्या दिवशी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अमीन सयानींच्या आवाजातली ती मोजणी आठवडाभराची असे आणि वर्षाअखेरीस वर्षाची. दुकानांतली रेकॉर्डविक्री आणि श्रोतासंघांची मते यांवरून गाणी पायदानांवर चढत, उतरत. सिलतऱ्यापलीकडे याच लोहमार्गावर भाटापारा आहे; फर्माइशी पाठवणाऱ्यांच्या नगरांत झुमरीतलैयाच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाई. तिथले लोक पोस्टकार्डे लिहीत आणि आपले नाव आकाशातून परत ऐकू येईल या आशेने संचाभोवती बसत. त्याचे वडीलही अशा बैठकींना जात. त्या मोजणीत यायचे तर माणसाला हात उचलून पत्र लिहावे लागे, पेटीत टाकावे लागे, आणि काय मागावे याचा विचार करावा लागे. चारचौघांत नाव उच्चारले जाणार म्हटल्यावर आवडही जरा नीटनेटकी करून पाठवली जाई. नव्या मोजणीला पत्र लागत नाही. झोपलेल्या माणसाचीही ती नोंद घेते; तीस सेकंद वाजले की एक वेळ धरली जाते. जुन्या यादीत माणसाने सांगितलेली आवड होती, नव्या यादीत त्याने न सांगितलेली सवय असते. यांतले खरे वजन कोणते, हे ठरवणारा काटा अजून झालेला नाही.

मात्र त्याला त्या रात्री असे काही सुचले नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेमागोमाग बचाव आले. मंडळातल्या गणपतीच्या आरत्या फोनवर वाजत नाहीत, त्या मोजल्या गेल्या नाहीत. बायको देवासमोर अभंग म्हणते तो मोजला गेला नाही. गाडी नसताना काटाघरात तो स्वतः ‘मानापमाना’तली पदे गुणगुणतो, ती कोण मोजणार? हे सगळे खरे होते. तरीही पाच रिकाम्या जागा होत्या आणि त्या भरणारा तोच होता.

वडिलांचे गाणे शिकलेले नव्हते, ऐकून बसवलेले होते. मिरजेहून आणवलेला एक तंबोरा घरी होता. मंडळाच्या गणेशोत्सवात ते नाट्यपदे म्हणत तेव्हा मागे तंबोऱ्यावर हा बसे, वय दहा-बारा. बोटांना चट्टे पडत. वडील बसण्यापूर्वी मान न वळवता म्हणत, “काळी दोन,” आणि खुंट्या पिळण्याचे काम सुरू होई. पुढे एका घरबदलात भोपळा तडकला. दुरुस्तीला मिरजेलाच पाठवायला हवा होता. तो गेला नाही. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिफीत घरात नाही. एवढे रोजचे गाणे कोण मुद्रित करून ठेवतो?

पहाटे चारला गाड्या पुन्हा लागल्या. कोळशाच्या एका गाडीचे वजन त्याने दोनदा घेतले. चालक वैतागला.

सकाळी घरी पोचला तेव्हा मुलगी शाळेची तयारी करत होती. तिच्या वर्गात रात्रीपासून याच गोषवाऱ्यांची देवघेव चालली होती. “बाबा, तुमचं दाखवा ना.” फोन लपवण्याइतकी चपळाई रात्रपाळीनंतर अंगात नसते. तिने पाने सरकवली, चौऱ्याहत्तर वय पाहून हसली, आईला हाक मारून दाखवले. मग पाच गाण्यांच्या पानावर थांबली.

“तुमच्यात मराठी एकपण नाही?”

ती छळण्यासाठी म्हणाली नव्हती. तिला खरोखर नवल वाटले होते. तिच्या स्वतःच्या यादीत होते: २०१६च्या ‘सैराट’मधले अजय–अतुल यांचे गाणे, तिसऱ्या क्रमांकावर. मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत मुलांनी ते लावले तेव्हा त्याने समितीच्या सभेत त्याला गोंगाट म्हटले होते आणि पुढच्या वर्षी मिरवणुकीत नाट्यसंगीत लावावे असे सुचवले होते. नाट्यसंगीतावर विसर्जन मिरवणूक कशी चालायची, हे त्या वेळी कोणी विचारले नाही, आणि ते बरेच झाले. मुलीला त्या गाण्याचा शब्दन् शब्द येतो. सोलापूरकडच्या बोलीतले जे शब्द तिला अडले ते तिने आजीला विचारले होते, आणि आजीला न आले ते तिने शोधून काढले होते. त्याला यांतले काहीच ठाऊक नव्हते.

“हा तंबोरा कशाला लावता एवढा?” तिने विचारले. त्याने झोपेचे सांगितले. मग, का कोण जाणे, काळी दोनचेही सांगितले: खुंट्या, बोटांचे चट्टे, मान न वळवता आलेला तो आवाज. आजोबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला ते गात असत एवढे माहीत होते. काय गात, ते कोणी सांगितले नव्हते. घरात सर्वांना ते येत होते, म्हणून कोणी सांगितले नव्हते.

“मग गाणं कुठाय? नुसता तंबोराच?” बसची वेळ झाली होती, ती दप्तर उचलून गेली.

त्या दिवशी झोपताना त्याने तंबोरा न लावता ‘मानापमाना’तले एक पद लावून पाहिले. झोप आली नाही. पुढची जागा वडील कशी घेत याची वाट पाहत तो जागा राहिला, आणि गायकाने ती निराळी घेतली तेव्हा त्याने बसल्या जागी मान हलवून नापसंती दर्शवली. पद संपल्यावर पुन्हा लावले. मग दुसरे लावले. दुपारी मुलगी परत आली तेव्हा तो उठून बसलेला होता आणि फोनवर तंबोरा सुरू करून, बसक्या, रात्रपाळीच्या आवाजात, तिला पहिली ओळ सांगत होता. ती फार उंच होती. दोघांनाही पेलली नाही. त्याने पट्टी खाली आणली.

त्या सेवेचा हिशेब जानेवारीला सुरू होतो आणि गोषवारा निघण्याच्या काही आठवडे आधीच मिटतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत जे वाजते ते सरत्या वर्षाच्या यादीत येत नाही आणि पुढच्या वर्षाच्याही नाही. हे त्याला मुलीनेच सांगितले. उरलेला डिसेंबर त्यांनी रोज संध्याकाळी बसून काढला, कधी अर्धा तास, कधी दहा मिनिटे. बाहेरून ट्रक जात होते.