सोळाच्या वर जायचं नाही

सीडी रायटर आज संभाजीनगरात तीन भावांना मिळतो. कॅनॉटला कॉम्प्युटरच्या दुकानात, नाव माहीत असलेल्या कंपनीचा, सीलबंद, दोन हजारांच्या पुढे. ऑनलाइन, कधीही नाव न ऐकलेल्या कंपनीचा, मोठी किंमत खोडून खाली लाल अक्षरांत ९९९. आणि रविवारी जाफर गेटच्या बाजारात, मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या आणि गुंता झालेल्या चार्जरांच्या शेजारी, साडेतीनशे सांगून दोनशेला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून घरी आले आणि चार दिवस हेच केलं. माझ्या टीममधल्या फ्रेशर पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी हे विचारलं असतं, की सीडी अजून मिळते का.

कारण सांगते. पप्पांचा गारखेड्यात फोटो स्टुडिओ आहे. २००५ला त्यांनी फिल्म सोडली आणि कर्ज काढून सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या सीड्या दोनदा राइट व्हायच्या. एक संच अल्बमसोबत पार्टीला, दुसरा स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात. एका सीडीत ७०० एमबी, म्हणजे तेव्हाचे अडीचशेच्या आसपास फोटो. एका लग्नाला दोन-तीन सीड्या. पुढे हार्ड डिस्क परवडायला लागली, तोवर कपाटात चारशेच्या वर सीड्या जमल्या होत्या. नंतर त्या कुणी उघडल्या नाहीत. घरातला कॉम्प्युटर गेला, लॅपटॉप आला, दुसरा लॅपटॉप आला, आणि सीडी घालायची फट कधी गायब झाली ते आमच्या लक्षातही आलं नाही. (त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात १९९८च्या लग्नांच्या निगेटिव्ह आहेत. त्या उजेडासमोर धरल्या की अजून नवरा-नवरी दिसतात. मशीन लागत नाही.)

दसऱ्यानंतर एक ताई स्टुडिओत आल्या. लग्न मे २००७चं. आई दोन महिन्यांपूर्वी गेल्या. घर बदलताना अल्बमला पाणी लागून पानं एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्याकडची सीडी केव्हाच हरवली होती. पाठवणीच्या वेळचा आईसोबतचा फोटो हवा होता. पप्पांनी विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का. ताई म्हणाल्या, "मला पाठवा, पण वडिलांसाठी सीडीच द्या. त्यांना मोबाइल जमत नाही. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर लावता येतो."

म्हणजे वाचायलाही मशीन हवं होतं आणि लिहायलाही.

मी सरळ दोन हजारांचा रायटर घेऊन मोकळी झाले असते. पप्पांना ते पटेना. मशीनवर पैसे घालायचे नाहीत, असा त्यांचा जुना हिशेब. २००५चा त्यांचा पहिला सीडी रायटरही दुकानातला शोपीस होता, बॉक्स नाही, बिल नाही, म्हणून स्वस्त. मात्र कोऱ्या सीडीला ते कधी घासाघीस करायचे नाहीत. बिननावाच्या सीडीपेक्षा मोझर बेअरची दोन रुपये महाग असायची, ती ते निमूट घ्यायचे. मला लहानपणी हे उलटं वाटायचं. मशीन वर्षानुवर्षं वापरायचं, तर तिथं खर्च करावा. सीडी काय, एकदा राइट केली की झालं.

नोएडाची मोझर बेअर ही एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या कोऱ्या सीडी बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एक होती. दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी सीड्याही तीच बनवायची. सीडीच्या आतल्या कडेला, डेटा सुरू होण्याआधी, कुणी बनवली याचा एक कोड असतो. छापलेलं नाव काहीही असो, सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. २०१८ला ती कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. आपल्या चितेगावची व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तीही त्याच वर्षी. ताईंच्या घरातला डीव्हीडी प्लेअर व्हिडिओकॉनचाच आहे, आणि तो चालतो.

रायटरची क्वालिटी कशी ओळखायची? खरं उत्तर असं, की घेताना ओळखता येत नाही. ते का, हे थोडं सांगावं लागेल.

कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. रायटरचा लेसर त्यात बारीक खुणा जाळत जातो, आतून बाहेर, एकाच गोल गोल रेषेत. ही रेष उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. इतक्या लांबीत खुणा चुकणारच. म्हणून सीडीवर माहितीसोबत दुरुस्तीचं गणितही लिहिलेलं असतं. साधारण अडीच मिलिमीटरचा ओरखडा हे गणित कुणाला कळू न देता भरून काढतं. रीड-सोलोमन कोड म्हणतात त्याला. इंजिनिअरिंगला मी तो मार्कांपुरता वाचला होता. तुम्ही रोज वापरता. चहाच्या टपरीवरचा तेलकट, कोपरा फाटलेला क्यूआर कोड स्कॅन होतो आणि दहा रुपये जातात, ते याच गणिताच्या जोरावर.

पण त्यामुळेच फसगत होते. भंगार रायटरने राइट केलेली सीडी पहिल्या दिवशी अगदी छान उघडते. चांगल्या रायटरची सीडीही तशीच उघडते. फरक इतकाच, की पहिलीची दुरुस्तीची शिल्लक त्याच दिवशी बरीचशी खर्च झालेली असते. पुढं रंग उडतो, ओल लागते, ऊन लागतं (आपल्याकडचा मे महिना आणि लोखंडी कपाट, विचार करा), नव्या चुका वाढतात, आणि एक दिवस शिल्लक संपते. रायटर घेतल्यावर त्याचा निकाल लागायला पंधरा वर्षं लागतात. तोवर रायटर भंगारात गेलेला असतो.

पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा एक नियम होता, "सोळाच्या वर जायचं नाही." सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर आपोआप ५२चा वेग निवडायचं. ५२ म्हणजे सेकंदाला १५० केबी या मूळ वेगाच्या बावन्न पट, चकती मिनिटाला १०,०००च्या आसपास फेरे घेते आणि अख्खं टेबल घरघरतं. सोळाला सीडी व्हायला पाच-सहा मिनिटं लागायची. पार्टी समोर बसून चहा पीत असली तरी पप्पा वेग वाढवायचे नाहीत. हळू तितकं चांगलं हे अर्धंच खरं आहे. ५२साठी बनवलेली सीडी एक-दोनच्या वेगाने राइट केली तर उलट बिघडू शकते. सोळा हा मधला आकडा त्यांना कुणी सांगितला, ते आता त्यांनाही आठवत नाही.

तर आम्ही ९९९वाला मागवला. हलका, चकचकीत, निळ्या प्लगचा, वर मोठ्या अक्षरांत यूएसबी ३.०. हे तीन-शून्य म्हणजे बैलगाडीला लावलेला फास्टॅग. असा पातळ ड्राइव्ह सीडी वाचतो जास्तीत जास्त २४च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबी. त्याला जुना यूएसबीही पुरून उरतो. लॅपटॉपला जोडून मी आतल्या ड्राइव्हची ओळख विचारली. डब्यावरच्या नावाचा आणि त्या उत्तराचा काही संबंध नव्हता. आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह होता, नव्या प्लास्टिकमध्ये. यात फसवणूक किती आणि पुनर्वापर किती, हे मला ठरवता आलेलं नाही. चालत होता.

जाफर गेटला पप्पा सोबत आले. ताडपत्रीवर डेस्कटॉपचे मोठे ड्राइव्ह एकावर एक रचले होते. मी एकेकाचं लेबल वाचत होते, कारण त्यावर बनवल्याचं वर्ष आणि महिना असतो. लेसर वापराने थकतो, त्यामुळे वय महत्त्वाचं. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असेल तर आत कुणाचा तरी हात गेलाय. विकणारा मुलगा मात्र बोलत होता पप्पांशी. प्रश्न मी विचारायची, उत्तर पप्पांना मिळायचं. त्याने एक ड्राइव्ह वीजपुरवठ्याला जोडला, बटण दाबलं, ट्रे बाहेर आला.

"देखो काका, मख्खन. साढ़ेतीनसौ."

"ट्रे उघडला म्हणून वाचता येतं का त्याला?" पप्पा मराठीतच म्हणाले.

"वाचेल की! नाय वाचला तर पुढच्या रविवारी घेऊन या," मुलगा लगेच मराठीवर आला.

पप्पांनी मला विचारलं, कोणता. मी २००९चं लेबल असलेला, स्टिकर शाबूत असलेला उचलला. दोनशेला मिळाला. तो लॅपटॉपला जोडायला बारा व्होल्टचा अडॅप्टर असलेली केबल लागते. ती कॅनॉटला सहाशेला पडली. त्यावर पप्पा दोन दिवस बोलत होते.

घरी येऊन दोन्ही ड्राइव्हची एकच परीक्षा घेतली. एकात सीडी राइट करायची, दुसऱ्यात वाचायची, मग उलट. स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येणं यात काही कौतुक नाही. दोघेही पास झाले. मग कपाट उघडलं.

२००५च्या सीड्या, २००६च्या सीड्या, शोपीस रायटरने राइट केलेल्या, मोझर बेअरच्या. आम्ही तीस-एक लावून पाहिल्या. दोन सोडून सगळ्या उघडल्या. पप्पा काही बोलले नाहीत, पण प्रत्येक सीडी उघडली की खुर्ची थोडी पुढं ओढायचे. एका लग्नात माझे आजोबा पंगतीत वाढताना सापडले.

पप्पांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक लग्नाची नोंद आहे. तारीख, कार्यालय, रक्कम, बाकी. एप्रिल आणि मे २००७च्या नोंदींपुढे पप्पांनी पेन्सिलने लिहिलं होतं, 'लूज माल'. त्या मोसमात एकामागोमाग एक लग्नं होती, नेहमीच्या दुकानातला माल संपला आणि त्यांनी बिननावाच्या शंभर सीड्यांचा गठ्ठा स्वस्तात उचलला. रायटर तोच, वेग तोच, माणूस तोच. ताईंच्या लग्नापुढेही पेन्सिलीचे तेच दोन शब्द होते.

त्यांची पहिली सीडी उघडली. दुसरीवर, म्हणजे दुपारनंतरच्या फोटोंवर, ९९९वाला अडकला. घरघर, शांतता, घरघर. जाफर गेटवाला थोडा पुढे गेला आणि दुसऱ्याच ठिकाणी अडला. ते बघून मला जरा धीर आला. दोघं एकाच जागी अडले असते तर संपलं होतं. डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो आधी जे सोपं आहे ते उचलतो, कोणती जागा वाचली आणि कोणती राहिली याची यादी ठेवतो, मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो. गंमत म्हणजे तीच यादी दुसऱ्या ड्राइव्हला देता येते. एकाने सोडलेलं दुसरा वाचतो. रात्रभर मी सीडी इकडून तिकडे हलवत होते. आई दोनदा येऊन बघून गेली.

सकाळपर्यंत अकरा फोटो सोडून सगळे मिळाले. त्या अकरांतले काही अर्धे होते. आमचे हे फोटो वरून खाली लिहिलेले असतात. मध्येच तुटले की तिथपासून खाली नुसता राखाडी रंग. पाठवणीचे चार फोटो होते. दोन उघडलेच नाहीत. एकात आईंची पाठ. चौथ्यात ताईंच्या खांद्यावर आईंचा चेहरा, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, मागे गाडीच्या टपाचा हार, आणि छातीच्या खाली राखाडी.

पप्पा म्हणाले, खालचं दुरुस्त करून देऊ, साडी आहे, जोडता येईल. त्यांना ते येतं, आयुष्यभर तेच केलंय. आम्ही तसाच फोटो ताईंना पाठवला आणि विचारलं. त्यांचा फोन आला. जोडू नका म्हणाल्या.

वडिलांसाठीची सीडी पप्पांनी स्वतः राइट केली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात मोझर बेअरचा एक न फोडलेला गठ्ठा होता, तो फोडला. वेग सोळा. झाल्यावर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून सगळे फोटो एकदा पाहिले. ताईंकडून पैसे किती घ्यायचे यावर घरात वाद झाला. शेवटी त्यांनी कोऱ्या सीडीचे वीस रुपये घेतले.

'लूज माल'च्या नोंदी एकूण एकतीस आहेत. मी पुण्याला परत आले, दोन्ही ड्राइव्ह तिकडेच ठेवले. रोज संध्याकाळी पप्पा एक सीडी लावतात आणि रजिस्टरमधल्या नंबरवर फोन करतात. अर्धे नंबर लँडलाइनचे आहेत.