राक्षस, दर दहा पावलांवर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. उन्हाळा आहे. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते इथल्या माणसांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सकाळी नऊला दारं लावायची, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि संध्याकाळची वाट बघायची. अशात पुण्याहून नातू आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या माझ्या टॅबमध्ये त्याने एक खेळ टाकून दिला. म्हणाला, "आजी, दिवसभर शब्दकोडी काय सोडवतेस? हे खेळ. मराठीच्या बाईंना आवडेल, यात गोष्ट आहे."

खेळाचं नाव ड्रॅगन क्वेस्ट. जपानमध्ये १९८६ च्या मे महिन्यात निघालेला. युजी होरी नावाच्या गृहस्थांनी रचला, चित्रं अकिरा तोरियामा यांची. (ते २०२४ मध्ये गेले. नातवाला फार वाईट वाटलं होतं, आणि मला तेव्हा ते कोण हेही ठाऊक नव्हतं.) एक राजा, एक पळवलेली राजकन्या, एक दुष्ट ड्रॅगनराजा. म्हणजे आपल्या लहानपणच्या गोष्टींतला सगळा ऐवज, फक्त राजपुत्र आपण. इंग्रजी मात्र जुन्या धाटणीचं, दाऊ आणि दी वालं. आमची बी.ए. मराठी माध्यमातली. शब्दकोश जवळ घेऊन बसले.

या होरींचं एक मला फार आवडलं. मूळच्या खेळात सुरुवातीलाच त्यांनी आपल्याला राजाच्या दालनात कोंडून ठेवलंय. पेटी उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही, किल्लीशिवाय दार उघडत नाही, दार उघडलं की पुढे जिना. एवढं करून बाहेर पडेपर्यंत पुढे लागणारी बरीचशी कामं हाताखालून गेलेली असतात, आणि कुणी आपल्याला शिकवलं असं वाटतही नाही. तेव्हाच्या बहुतेक जपानी मुलांना असा खेळ नवीनच होता, म्हणून ही युक्ती. माझी उभी हयात पाचवी ते सातवीच्या वर्गांवर गेली. पहिल्या तासाला असं दालन मला कधी रचता आलं नाही, मी आपली फळ्यावर सूचना लिहीत बसायची.

किल्ल्याबाहेर पडलं की पाण्याच्या पलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. समोरच, हाकेच्या अंतरावर. पण तिथे पोचायला साऱ्या मुलखाला वळसा. हेही छान.

आता भांडणाचा मुद्दा. चालायला लागलं की दर दहा-पंधरा पावलांनी पडदा बदलतो, संगीत बदलतं आणि राक्षस हजर. आधी दिसत नाही, चाहूल नाही. प्रत्येक पावलाला यंत्र आतल्या आत फासा टाकतं म्हणे. मैदानात दान जरा बरं पडतं, टेकड्यांवर वाईट. मग लढा, मंत्र म्हणा, पिशवीतलं काही वापरा, नाहीतर पळा. पळणं दर वेळी जमेलच असं नाही.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी राक्षसांकडे बघतसुद्धा नाहीये. एका हाताने भाजी निवडतेय, दुसऱ्या हाताने राक्षस मारतेय. नातवाला म्हटलं, "यात भीती कुठे आहे रे? दर दहा पावलांवर येतो तो राक्षस नव्हे, स्पीडब्रेकर."

तो हसला. म्हणाला, "याला ग्राइंडिंग म्हणतात." म्हणजे दळण! शब्द चपखल आहे. राक्षस दळायचे, अनुभवाचं पीठ साठवायचं, अंगात बळ आलं की पुढच्या मुलखात जायचं. मग त्याने मला पुढचा इतिहास ऐकवला. १९९४ च्या 'मदर २' मध्ये राक्षस आपल्यापुढे अगदीच किरकोळ असेल तर लढाई न करताच जिंकल्याचं खेळ सांगून टाकतो. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर' मध्ये राक्षस आधीपासून रस्त्यावर फिरताना दिसतात आणि लढाई तिथल्या तिथेच होते, पडदा बदलत नाही. त्यातही हे होरी होतेच. म्हणजे माणूस शिकला म्हणायचं.

मग तो एकदम म्हणाला, "आजी, तू जंगलातून शाळेत जायचीस ना? तिथे व्हायचे का रँडम एन्काउंटर?"

धानोऱ्याकडच्या एका खेड्यात मी अकरा वर्षं होते. गेले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८२ साली झाला. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून चार किलोमीटर चालत. नातवाने मोबाईलवर हिशेब केला, शाळेचे दिवस गुणिले दोन गुणिले अकरा, सुट्ट्या आणि रजा वजा. साडेचार हजार खेपा झाल्या. एवढ्या खेपांत अस्वल एकदा भेटलं. एकदाच. मोहाच्या दिवसांत, फुलं खात होतं, आमच्याकडे बघितलं आणि झाडीत गेलं. वाघ कधी समोर आला नाही, पावलं मात्र कितीदा तरी ओल्या मातीत दिसली.

पण बाकीच्या खेपा रिकाम्या होत्या असं नाही. बरोबर बहुधा कुणीतरी पालक असायचे. नाल्याच्या अलीकडे ते थांबायचे, मोठ्याने खाकरायचे. जनावराला आपण अचानक गाठायचं नाही, त्याला आधी कळू द्यायचं. वानर खेकसलं की थांबायचं. चितळ ओरडलं की कुठल्या बाजूला ते ऐकायचं. आणि सगळंच गप्प झालं तर मागे फिरायचं, शाळा उद्या. असं मागे फिरणं वर्षात दोन-तीनदा व्हायचंच आणि हेडमास्तर त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

म्हणून नातवाला म्हटलं, रँडम काही नसतं रे. फासा असेलही, पण तो टाकला जाताना ऐकू येतो. तुझ्या होरींनी नेमकं ते ऐकू येणंच काढून टाकलंय.

हे मी ठणकावून सांगितलं खरं, पण तिसऱ्या दिवशी गुहेत शिरले आणि माझं मत निम्मं बदललं.

गुहेत काळोख. मशाल पेटवली तर आपल्याभोवती पाऊलभर उजेड, बाकी पडदा काळा. बाहेर जे राक्षस स्पीडब्रेकर वाटत होते ते इथे वेगळेच वाटायला लागले. राक्षस तेच, लढाई तीच. पण आता प्रत्येक लढाईत माझ्यातलं काहीतरी कमी होत होतं आणि परतीची वाट तेवढीच होती. औषधी पाला किती उरलाय, मशाली किती, आत आणखी किती जायचं, बाहेर यायला किती लागेल. म्हणजे गुहेतले राक्षस घाबरवायला नसतातच, ते मोजायला असतात. किती खोल आलो ते त्यांच्यावरून कळतं. आणि खरा खेळ लढाईच्या पडद्यावर नाहीच, तो दोन लढायांच्या मधे आहे. पुढे जाऊ की मागे फिरू? हे नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "हे तुला तिसऱ्या दिवशी कळलं? मला दोन वर्षं लागली." (खुश करण्यात पटाईत आहे.)

गंमत म्हणजे या खेळातल्या पहिल्या गुहेत, एरड्रिकच्या, एकही राक्षस नाही. नुसता काळोख, नुसत्या वाटा. मी जीव मुठीत धरून सगळी गुहा फिरले आणि कुणी आलंच नाही! मला भद्रावतीची विजासन लेणी आठवली. इथले वाचक ओळखतीलच. टेकडीत सरळ आत गेलेला सत्तरेक फुटांचा बोगदा, टोकाला बसलेले बुद्ध, आणि मधेच दोन्ही अंगांना काटकोनात फुटलेल्या वाटा. एका वर्षी सहावीची सहल नेली होती. समोरच्या काळोखात मुलं दणादण गेली असती. अडली ती या बाजूच्या वाटांपाशी. एक मुलगी माझा पदर धरून म्हणाली, "बाई, तिकडून कोणी आलं तं?" कोणी येणार नव्हतं. पण भीती समोरून नव्हती, बगलेतून होती. होरी विजासनला आले असते तर त्यांना आवडलं असतं.

आणि आपल्या चंद्रपूरच्या परकोटाची कथा तर ठाऊकच आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता कुत्रा सशाच्या मागे नव्हे, ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला, आणि तो पाठलाग ज्या वाटेने झाला त्याच वाटेवर परकोट बांधला. आधी पाठलाग, मग भिंती. नातू म्हणाला, "आजी, हे लेव्हल डिझाइन आहे." असेल बाबा.

असो. ज्यासाठी लिहायला बसले ते पुढेच आहे.

विजासनला पदर धरणारी ती मुलगी आता पन्नाशीची आहे. सिंदेवाही तालुक्यात दिलेली. दर उन्हाळ्यात एकदा येते, चारोळी आणते, वाळलेला मोह आणते, जेवते आणि दुपारच्या एसटीने जाते. परवा आली तेव्हा मी दलदलीतल्या गुहेत होते. राजकन्या तिथेच आहे, एका ड्रॅगनच्या पहाऱ्यात. हा ड्रॅगन फाशावर येत नाही, तो त्याच्या जागी बसून असतो. मुख्य वाटेने गेलं तर तो लागतही नाही, बगलेच्या वाटेने आत जावं लागतं.

"बाई, काय खेळून राहिल्या?" ती बाजूला बसली. नातवाने समजावून सांगितलं. तिने विचारलं, "न् मेलं तं?"

"मेलं तर राजाकडे परत. राजा जिवंत करतो. फक्त जवळचे अर्धे पैसे जातात."

"अर्धेच कापते? मंग बरा आहे राजा," ती म्हणाली आणि खूप हसली. मीही हसले.

मग तिने २०२५ च्या तेंदूच्या हंगामाचं सांगितलं. तोपर्यंत कधी बोलली नव्हती. पहाटे चौघीजणी निघाल्या होत्या. सत्तर पानांचा एक पुडा, आणि हिशेब शेकड्यावर. "रान चूप झालं होतं जी. आमाले समजलं. पण पुडे साठच झाले होते. म्हटलं, शंभर करू न् निघू."

"मग?" नातवाने विचारलं.

"मंग काय बाबू. शंभर करूनच निघालो."

त्यांना काही झालं नाही. पण त्याच मे महिन्यात त्याच तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एका दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पेपरात तुम्ही वाचलंच असेल. वाकून काम करणारा माणूस वाघाला चौपाया जनावरासारखा वाटतो असं जाणकार सांगतात, आणि पानं काही उभ्याने तुटत नाहीत.

"त्यानंतर गेला होतात तुम्ही?" नातू.

"चार दिवस कोणीच नाही गेलं. पाचव्या दिवशी गेलो. हंगामच केवढासा राहते."

मी मागे नातवाला ठणकावून सांगितलं होतं, की सगळं गप्प झालं तर मागे फिरायचं, शाळा उद्या. माझा पगार महिन्याचा महिन्याला होत होता. हे तेव्हा मला आठवलं नव्हतं. आत्ता आठवलं. तो माझ्याकडे बघत होता की टॅबकडे, माहीत नाही, मी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मशाली किती आहे बाई?"

"एक."

"न् पाला?"

"दोन."

"मंग फिरा न मागं."

"अगं, ड्रॅगन पुढच्याच वळणावर आहे," नातू म्हणाला. त्याने ही गुहा केव्हाच पार केलेली.

"राहते तो तिथंच," ती म्हणाली.

मी मागे फिरले. बाहेर येईपर्यंत तीन लढाया झाल्या, शेवटचा पाला गुहेच्या तोंडाशी संपला. तिला लोणच्याची बरणी दिली, नातू तिला बसस्टँडवर सोडून आला. येताना मला न विचारता तिचा मोबाईल नंबर घेऊन आला. कशाला म्हणून मीही विचारलं नाही.

राजकन्या चौथ्या दिवशी सुटली. या खेळात ती सुटली म्हणजे काम संपत नाही. तिला हातांवर उचलून किल्ल्यापर्यंत चालत न्यावं लागतं, आणि वाटेत दर दहा पावलांवर राक्षस येतच असतात.