एका जाजमावर

उमरगा तालुक्यातल्या आम्हा शिक्षिकांच्या मंडळाची सगळी मालमत्ता एका लोखंडी पेटीत मावते. इतिवृत्ताच्या वह्या, जमाखर्चाचं रजिस्टर, सावित्रीबाईंची तसबीर आणि एक जाजम. लाल-काळं, कडा दोनदा शिवलेलं. मंडळाला अध्यक्ष मिळाल्या, बँकेत खातं निघालं, रबरी शिक्का आला, त्या सगळ्याच्या आधी हे जाजम आलं. आता निवृत्त झाल्यावर माझं स्वतःचं आयुष्यही मला बसायच्या जागांवरूनच आठवतं. कोण कशावर बसलं, कोणाला सरकून जागा दिली, कोणाला दाराशी उभं राहावं लागलं.

माझी आई सातवी पास होऊन शिक्षिका झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि आमच्या भागात शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोचू लागल्या. आईची पहिली शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एक फळा, एक खुर्ची आणि तरटपट्ट्यांची गुंडाळी, एवढंच शाळेचं सामान. गावात कुणाकडं हळदीकुंकू असलं की ओसरीवर जाजम अंथरलं जाई. काही बायका त्यावर बसत, काही खाली अंगणात सारवलेल्या भुईवर. कुणी कुणाला सांगत नसे, ज्याची त्याची जागा आधीच ठरलेली. आईनं आमच्या घरी संक्रांतीचं वाण द्यायचं ठरवलं, तेव्हा शाळेतल्या तरटपट्ट्या आणून ओसरीपासून अंगणापर्यंत सलग अंथरल्या. तरटपट्टीवर बसला तो विद्यार्थी, त्यापुढं शाळा काही विचारत नाही, असं ती म्हणायची. पहिल्या वर्षी अंगणातल्या बायका अंगणातच थांबल्या आणि ओसरीवरच्या दोघीतिघी कुंकू लावून घाईनं उठल्या. दुसऱ्या वर्षी आईनं तरटपट्ट्या पुन्हा अंथरल्या. तिसऱ्याही वर्षी.

तिला स्वतःला शिकायला मिळालं ते सोलापुरामुळं. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं मराठी शाळा मोजक्याच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिक्षक होते, तिचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण मुलीला पुढं शिकवायचं म्हटलं की तोंड सोलापूरकडं वळवावं लागे. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा शिक्षिका तयार करणं हे त्याचं एक मोठं काम होतं. पुढं गावोगाव त्याच्या शाखा निघाल्या, त्यातली एक सोलापूरला. विधवा झालेल्या, टाकलेल्या, वय उलटून गेलेल्या बायका सेवासदनात शिकल्या आणि दूरदूरच्या शाळांत शिकवायला गेल्या. आजोबांनी आईला सोलापुरात नात्यातल्या घरी ठेवलं आणि सेवासदनच्या शाळेत घातलं. पुण्यात एका बाईनं सुरू केलेलं काम शाखेच्या वाटेनं शेकडो किलोमीटर पलीकडच्या खेड्यातल्या पोरीपर्यंत आलं. शाखा या गोष्टीवरचा माझा विश्वास इथून सुरू होतो.

डी.एड. करताना मी सावित्रीबाईंच्या हळदीकुंकवाची हकीगत वाचली आणि मला आईची ओसरी दिसली. १८५२ साली सावित्रीबाईंनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढलं. त्या वर्षीच्या संक्रांतीला मंडळानं तिळगुळाचा समारंभ ठेवला. अध्यक्ष होत्या कलेक्टरांच्या पत्नी, जोन्सबाई. निमंत्रणातच स्पष्ट लिहिलं होतं की बाई कोणत्याही जातीची असो, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू देताना भेद होणार नाही. पुण्यात, १८५२ साली! ते वाचून मी बराच वेळ एकाच प्रश्नाशी थांबले होते. शाळा चालवताना अंगावर शेणमाती झेलणाऱ्या बाईला आणखी एक मंडळ काढायची गरज का वाटली असेल? चार वर्षांनंतरचं त्यांचं पत्र वाचताना मला त्याचं उत्तर सापडलं. १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिताना, आपण आजारपणात इकडं अडकलो आणि तिकडं शाळेतल्या सहकारी फातिमा शेख यांच्यावर कामाचा भार पडत असेल, याची त्यांना काळजी लागलेली दिसते. शिकवणारी बाई एकटी टिकत नाही. तिच्या गैरहजेरीत वर्ग सांभाळणारी आणि तिची काळजी वाहणारी दुसरी कुणी तरी लागते.

नोकरी लागली तेव्हा मी एकटीच होते. द्विशिक्षकी शाळा, गावात खोली मिळेना, उमरग्याहून एसटीनं ये-जा. महिन्याच्या बैठकीत पुढच्या खुर्च्यांवर गुरुजी बसत आणि आम्ही चारपाच जणी मागं, दाराजवळ. शेवटची गाडी चुकू नये म्हणून आम्हीच आधी उठायचो आणि आम्ही उठल्यावरच निर्णय व्हायचे. गॅदरिंगची रांगोळी, पाहुण्यांचा चहा, स्वागतगीत ही कामं न विचारता आमच्या नावावर लागायची. शाळेत बाईमाणसासाठी संडास नव्हता, म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय आम्ही सगळ्यांनी लावून घेतली होती. ही गोष्ट बैठकीत बोलायची कशी, हेच कळायचं नाही.

हे दुखणं काही उमरग्याचं एकट्याचं नव्हे. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पहिल्यांदा भरली ती शिक्षणसुधारणेसाठीच. त्यानंतर दोन वर्षांनी तिकडं टेक्सासात ॲनी वेब ब्लँटन यांनी अकरा शिक्षिकांना बरोबर घेऊन शिक्षिकांची स्वतंत्र संस्था काढली. ब्लँटनबाई राज्याच्या शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आलेल्या होत्या. एवढ्या अधिकाराच्या बाईलाही शिक्षकांच्या संघटनेत बायकांचं म्हणणं मागं पडतं हा अनुभव आला होता. त्यांच्या संस्थेच्या शाखा पुढं देशोदेशी पसरल्या. आपल्याकडंही शिक्षक संघटनांमध्ये महिला आघाड्या झाल्या, तालुक्यापर्यंत आल्या. आमचं मंडळ मात्र कुठल्या ठरावातून निघालं नाही. ते भूकंपातून निघालं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. ज्या किल्लारीच्या नावानं हा भूकंप ओळखला जातो ते गाव औसा तालुक्यात, पण सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी ही गावं तेव्हाच्या आमच्या उमरगा तालुक्यातली, लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या घरात माणसं गेली. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी हजेरी घेताना काही नावांना ‘हजर’ आलं नाही. पटावर त्या नावांपुढं काय लिहायचं, याचा नियम होता. तो लिहिणारा हात मात्र बाईचा होता आणि रात्री तो हात कापायचा. आम्ही एकमेकींना शोधू लागलो ते तेव्हा. रविवारी कुणाच्या तरी शेडमध्ये जमायचं, आणि आधी नुसतं रडून घ्यायचं. मग वर्गात मुलांना काय सांगितलं ते एकमेकींना सांगायचं. आई गेलेलं लेकरू बोलत नसेल तर त्याला चित्र काढायला द्यायचं, खडू हातात ठेवून बाजूला बसायचं, अशा गोष्टी आम्ही कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. तिथं शिकलो.

त्याच काळात गावोगावच्या बायकाही घराबाहेर पडत होत्या. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्या बायकांनी कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या इंजिनिअरला सिमेंटचं प्रमाण विचारू लागल्या. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्यांच्यात होत्या. त्या एवढं करू शकतात तर आपण संडासाचा अर्ज करू शकत नाही का, असं एका रविवारी आमच्यातली एक जण म्हणाली. तोच आमचा पहिला ठराव. त्याच दिवशी वर्गणी काढली, कारण शेडची जमीन ओली होती. कुणी तरी सोलापूरला निघालेलं होतं, चाटी गल्लीतून हे जाजम आलं.

पहिली काही वर्षं मंडळ म्हणजे अर्ज लिहिणाऱ्या बायका. सेवापुस्तिकेत नोंद राहिली, प्रसूतीच्या रजेचा पगार अडला, नवऱ्याची शाळा एका टोकाला आणि बाईची दुसऱ्या, असली प्रकरणं घेऊन पंचायत समितीत एकटीनं जायचं नाही, चौघींनी जायचं, हा नियम. एकटी गेली की तिला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं, चौघींना म्हणणं जड जातं. कुठल्याही भाषणापेक्षा या नियमानं आमची संख्या वाढवली. शाळांतून स्वच्छतागृहं एकेक करून झाली. पुढं शिक्षण हक्क कायद्यानं ती बंधनकारकच केली. २०१८ साली राज्यात बालसंगोपन रजा आली, तेव्हा तो शासन निर्णय आम्ही बैठकीत मोठ्यानं वाचला आणि तान्ह्या लेकराच्या आईकडून पहिला अर्ज तिथंच लिहून घेतला.

मग शिकवण्याचं काम सुरू झालं. आमचा तालुका कर्नाटकाच्या शिवेवर. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारं मूल, कानडी बोलणारं, उर्दू बोलणारं आणि तांड्यावरून आलेलं गोरमाटी बोलणारं. पहिलीचं पुस्तक सगळ्यांना एकच. पाणी, भाकरी, आई, भीती वाटते, पोट दुखतं, असे रोजचे शब्द चारही भाषांतून लिहिलेली वही आम्ही तयार केली. गोरमाटीचे शब्द तांड्यावरच्या आजीबाईंनी सांगितले, उर्दूचे उर्दू शाळेतल्या बाईंनी. त्या बाई आमच्यात येऊन बसल्या त्या या वहीच्या निमित्तानं, आणि मला नायगावचं ते पत्र आठवलं.

मंडळाची खरी परीक्षा मात्र अंगणवाडीताईंच्या वेळी झाली. एका ताईनं दारातून विचारलं, ‘बाई, आमी येऊलालाव, चालंल का?’ यावर तीन बैठका वाद झाला. त्या मानधनावर, त्यांचं खातं वेगळं, त्यांचे प्रश्न वेगळे, उद्या मदतनीसही येतील, मग शिक्षिकांचं मंडळ कसलं, असं बऱ्याच जणी म्हणत होत्या. वस्तीशाळेवरच्या मुलींबद्दलही हेच बोललं गेलं होतं. तुटपुंज्या मानधनावर, बांधावरच्या खोपीत शाळा भरवणाऱ्या त्या मुलींना शासनानं २०१४ साली नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं, तोवर त्यांनी किती मुलं पहिलीच्या दारात आणून सोडली होती! मी एवढंच म्हटलं की सहा वर्षांचं मूल माझ्याकडं येतं तेव्हा त्याला रांगेत बसायला, गाणं म्हणायला, आईचा पदर सोडायला शिकवून कुणी तरी पाठवलेलं असतं. ती जर शिक्षिका नसेल तर मी कोण? मतदान झालं नाही. एक वयस्कर बाई उठल्या, जाजमाची दुमडलेली बाजू त्यांनी उलगडली आणि ताईंना म्हणाल्या, बसा. काही जणी त्यानंतर आल्या नाहीत. त्यांचं जाणं मला आजही लागतं, तरीही तो निर्णय योग्यच होता. अंगणवाडी योजना १९७५ ला सुरू झाली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला. अंगणवाडी आणि पहिली-दुसरी हे एकाच शिक्षणाचे भाग आहेत हे धोरणानं कागदावर मान्य केलं, त्याच्या कितीतरी आधी उमरग्यातल्या बायकांनी ते आपल्या बैठकीत मान्य केलं होतं.

मंडळं मोडताना मी पाहिली आहेत. पदांवरून मोडतात, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून मोडतात, निवडणुकीच्या वेळी कुणाच्या तरी दावणीला बांधली जाऊन मोडतात. आमच्यावरही असे प्रसंग आले. आम्ही एक रीत कसोशीनं सांभाळली. बैठकीत खुर्ची नाही. अधिकारी बाई आल्या तरी जाजमावर, मदतनीस आल्या तरी जाजमावर, गुडघे दुखणाऱ्या बाईला तेवढा भिंतीचा आधार. ज्या दिवशी कुणी तरी पुढं खुर्ची मांडील, त्या दिवशी कुणी तरी दाराशी सरकेल, हे आम्ही आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत शिकलो होतो.

आता तालुक्यात नव्या मुली येताहेत. पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्या, कुणी विदर्भातली, कुणी खानदेशातली. हुशार आहेत, मोबाईलवर शासन निर्णय आमच्याआधी वाचतात. पण संध्याकाळी खोलीवर एकट्या असतात, हे मला दिसतं. व्हॉट्सॲपच्या गटावर त्यांच्या प्रश्नाला दहा उत्तरं येतात. पंचायत समितीत बरोबर यायला मात्र माणूस लागतं.

म्हणून या लेखाच्या शेवटी त्यांच्याशीच बोलते. लेकींनो, जिथं रुजू झालात तिथल्या शिक्षिकांचं मंडळ शोधा. नसेल तर काढा, त्याला नोंदणी नंतर मिळाली तरी चालते. पहिल्या बैठकीला अंगणवाडीताईला बोलवा, उर्दू शाळेतल्या बाईंना बोलवा, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना बोलवा. लेकरं घेऊन या. जमिनीवर बसा. आणि आपल्यातली एकही बाई कुठल्याही कार्यालयाच्या दारात एकटी उभी राहणार नाही, हा ठराव सगळ्यात आधी लिहा.