सईच्या टाकीतलं शेवाळ

चि. सई,


तुझ्या माशांच्या टाकीचे फोटो पाहिले. काचेवर हिरवी पुटं, व्हॅलिसनेरियाच्या पातींना केसांसारखे धागे आणि पाण्यावर तेलकट तवंग. दुकानातून आणलेली शेवाळनाशकाची बाटली उघडली नसशील तर उघडू नकोस. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि तांब्याने तुझ्या कोळंब्या सगळ्यांच्या आधी मरतील. मेलेलं शेवाळही टाकीतच कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि पुढच्या शेवाळाला खत पुरवतं.

आधी दिव्याकडे बघ. तुझ्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही. झाडांना हा वायू मिळतो तो माशांच्या श्वासातून, तळाच्या गाळातून आणि थोडाफार हवेतून. त्यात पाण्यामध्ये तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. म्हणजे झाडांची वाढ वायूपाशीच अडलेली असते. दिवा बारा तास जाळलास तरी ती फारशी वाढत नाहीत आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ माजतं. टायमर लावून दिवा सहा-सात तासांवर आण. डायना वॉल्स्टॅड यांचं १९९९ सालचं ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ जमलं तर वाच. दुपारी काही तास दिवा बंद ठेवला की टाकीत वायू पुन्हा साठतो, म्हणून त्या अशी विश्रांती सुचवतात. तरंगत्या झाडांवर त्यांचा भर आहे, कारण या झाडांची पानं थेट हवेतला वायू घेतात आणि मुळं पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषतात. शेवाळाचं खाणं पळवणारा याहून चांगला गडी मला माहीत नाही. थोडं साल्विनिया किंवा गोंडाळ सोड. अर्धा पृष्ठभाग मात्र मोकळा राहू दे.

आता तवंग. माशांच्या खाण्यातली चरबी आणि कुजत्या पानांतली प्रथिनं संथ पाण्यावर साचतात, त्यावर जिवाणू वाढतात. साधा कोरा कागद पाण्यावर अलगद पसरून उचललास की तवंग निघून येईल, पण पाणी संथ राहिलं तर परत धरेल. फिल्टरचं तोंड वर वळव, पृष्ठभागावर सतत बारीक लाट उठली पाहिजे. त्याने कार्बन डायऑक्साइड उडून जाईल असं तुला कोणी सांगितलं असेल. सिलिंडरच्या टाकीत ते खरं. तुझ्याकडे मात्र भर उजेडात झाडं वायू इतका ओढतात की पाण्यात तो हवेच्या मानाने कमी पडतो, मग हलत्या पाण्यातून तो आतच येतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात असं लिहिलं आहेस, त्यामागेही हा तवंगच असावा. रात्री झाडंसुद्धा प्राणवायू वापरतात आणि तवंगामुळे तो हवेतून पुरेसा मिळत नाही.

खाणं निम्मं कर. पिवळी पानं कापून काढ, दर आठवड्याला थोडं पाणी बदल. काचेवरचं हाताने खरवड. फरक दिसायला काही आठवडे लागतील, तोवर रोज नवा उपाय करू नकोस.

एक कळकळीची विनंती. तरंगती झाडं भराभर वाढतील, दर आठवड्याला मूठभर काढावी लागतील. ती ओढ्यात किंवा नदीत टाकू नकोस. पवना-इंद्रायणीवर जलपर्णीने काय केलंय ते तू जाता-येता पाहतेस. कुंडीतल्या मातीत पुरून टाक, खत होईल.

तुझा,
काका