धावदोरा

भिवापूर म्हटले की लोकांना मिरची आठवते. आम्हां बहिणींना आठवतात त्या मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडून घरी परतणाऱ्या बायका. त्यांच्या हातांची नुसती आग व्हायची. अशा हाताने बाळाच्या दुपट्याला कुणी शिवत नसे. सुई-दोरा बाहेर निघायचा तो मिरचीचा हंगाम सरल्यावर.

जुन्या कपड्याला आमच्या मोहल्ल्यात दोन वाटा होत्या. धड कपडा बोहारणीकडे जाई आणि त्याच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. विरलेला, फाटलेला कपडा गोधडीत जाई. आमच्या भागात सुती कापडाला तोटा नव्हता. उमरेड, पवनी, नागपूर इथे कोष्टी विणकरांचे माग होते. शिवाय नागपुरात 1877 साली सुरू झालेली एम्प्रेस मिल होती. वर्षानुवर्षे धुऊन लुगडे लोण्यासारखे मऊ झाले की त्याचे थर एकावर एक अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि धावदोरा घालत जायचे. थरांमध्ये हवा कोंडून राहते, तीच ऊब देते. या कामाला कुणी कला म्हणत नसे. ते फावल्या वेळेचे काम समजले जाई. आणि जिला फावला वेळ म्हणून नव्हताच, तीच ते करत असे.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका हेच काम करतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. काठापासून सुरुवात करून फेरे घेत त्या मध्यापर्यंत शिवत येतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ठिगळे, म्हणजे ‘फुला’, नसतील तर कवंदी उघडी समजली जाते. 2004 साली अमेरिकन कला-अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. 2011 मध्ये न्यू यॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. सुई तीच, चिंध्या त्याच. पाहणारे डोळे बदलले.

अम्मी गेली तेव्हा तिच्या कपड्यांचा प्रश्न निघाला. मय्यताचे कपडे गरिबांना द्यावेत, ही आपल्याकडची रीत. भाईजान म्हणाले, “सगळेच देऊन टाका. वस्तूंना कवटाळून बसू नये.” खाला म्हणाली, “फाटके देणे म्हणजे देणे नव्हे, बेटा.” खालाचे म्हणणे आम्हांला पटले. धड साड्या गरजू घरांत गेल्या. विरलेली सहा लुगडी उरली, त्यांची गोधडी आम्ही तिघींनी मिळून शिवली. अम्मीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे असत. आमचे लहानमोठे पडले. कोणता टाका कुणाचा, हे आजही दाखवता येते. त्या हिवाळ्यात ती गोधडी पहिल्यांदा पांघरली ती भाईजानच्या नातवाने. भाईजान काही बोलले नाहीत. रात्री उठून त्याच्या अंगावर ती नीट करत राहिले.

आता आमच्या स्वतःच्या कपाटात बहुतेक पॉलिएस्टर आहे. ते लवकर फाटत नाही, घाम शोषत नाही आणि कितीही धुतले तरी लुगड्यासारखे मऊ होत नाही. आमच्या मागे आमच्या कपड्यांची दुपटी होणार नाहीत. म्हणून अम्मीच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात आम्ही लाल दोऱ्याने तिचे नाव भरले. ती लिहायला शिकली नव्हती. घरातल्या कोणत्याच वस्तूवर तिचे नाव नव्हते.

आपल्या घरांतल्या पेट्यांत, माळ्यांवर अशा गोधड्या अजून पडून आहेत. त्या कुणी शिवल्या, कुणाच्या कपड्यांच्या शिवल्या, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही अजून आहेत. त्यांना विचारून घ्यावे आणि नाव भरून ठेवावे. दोरा कोणत्याही रंगाचा चालेल.