पायी नेता येईल असं वाद्य

गिटार कुणाची, असा वाद आमच्या वस्तीत झाला. वाद चांगला झाला, म्हणून लिहितोय.

माझी जुनी गिटार २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विकली होती. आता रोलिंग मिलमध्ये कामाला लागून हातात चार पैसे आल्यावर पुन्हा घेतो म्हणालो, तर चळवळीतला एक मित्र तडकलाच. "अरे, आपलं वाद्य हलगी, आपला खालूबाजा. हे मिशनऱ्यांचं, सिनेमावाल्यांचं खूळ तुला कशाला?"

मी म्हणालो, दोस्ता, हलगी आपल्या गळ्यात कुणी अडकवली? गावकीनं. मेलेलं ढोर ओढा, मयताचा सांगावा घेऊन चार गावं पळा, आणि पाटलाच्या वरातीपुढं वाजवा. त्या कातड्यातून आपल्या बापजाद्यांनी जो ठेका काढला तो त्यांचा, त्याला माझा जयभीम. पण ती निवड नव्हती, ते लावून दिलेलं काम होतं. निवड पुढं आली. भीमराव कर्डकांच्या पिढीनं आंबेडकरी जलसा उभा केला, तमाशाचा बाज घेतला, आतला मजकूर बदलून टाकला. तीच ढोलकी, पण आता मर्जीनं वाजायला लागली. वाद्य आपलं होतं ते असं. ते कुठून आलं यावर काही ठरत नाही.

पेटीचंच बघा ना. पेटी मूळची युरोपातली. कलकत्त्याला तिला हातानं भाता मारायची सोय झाली आणि ती आपल्यासारखी जमिनीवर मांडी घालून बसली. मोठ्या गाण्याच्या लोकांनी नाकं मुरडली. म्हणे हिच्यातून मींड निघत नाही, हिचे सूर ठोकळे. ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. एकतीस वर्षांचा बहिष्कार! आणि त्याच वर्षांत आपले गायक गावोगाव तिच्यावर हात ठेवून भीमगीतं गात होते. बहिष्कृत पेटीनं बहिष्कृतांना साथ दिली. आज तिला परदेशी कोण म्हणतं? मग गिटारीनं काय घोडं मारलंय?

मित्र गप्प बसला नाही, बसूही नये. म्हणाला, "बरं, घे. पण कुणासाठी वाजवणार?"

हा प्रश्न खरा होता. दुकानात जाण्याआधी तोच सोडवायला पायजे होता.

वस्तीत माझी एक आत्या आहे. लिहिता-वाचता येत नाही. पण जुनी भीमगीतं, पाळणे, जलशातले सवाल-जवाब तोंडपाठ. लग्नात, बारशाला, वर्षावासात तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. मग चौदा एप्रिलला डीजेचा ट्रक यायला लागला. भिंती हादरतात, छातीत धडधडतं, पोरं नाचतात. नाचू द्या, आनंद आपलाच आहे. पण वर्गणी डीजेला आणि आत्याला नुसता नमस्कार! आमचं कलापथक आपोआप बसलं. आता तिचा आवाज खाली आलाय, पट्टी काळी चारवरून काळी दोनवर उतरलीय. तिच्याबरोबर काय काय जाईल याचा हिशेब कुणी केला नाही. ढोलकीला आमच्यात दोघं आहेत. पेटीवाला नोकरीसाठी पनवेलला गेला. सूर धरायला माणूस नाही. तर गिटार तिच्या गळ्यासाठी. एवढं ठरल्यावर बाकीचं सोपं झालं.

आता प्लगची गोष्ट. सगळे म्हणाले, वायरवाली घे, स्पीकरला जोडता येईल, डीजेच्या तोडीस तोड होईल. इथं मला धरमतर आठवलं.

आज आमच्या जेट्टीला कोळशाच्या आणि खनिजाच्या बार्जी लागतात. पूर्वी मुंबईहून बोटीनं धरमतरला उतरायचं आणि पुढं मोटारीनं महाड गाठायचं, ही सोयीची वाट होती. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब दोनशेच्या आसपास माणसं घेऊन महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले. 'पद्मावती' बोटीनं. पण धरमतरची वाट सोडून त्यांनी दासगावची घेतली. कारण साधं होतं. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर धरमतरला उतरलेली माणसं अडकून पडणार. दासगावहून महाड पाच मैल. कुणी गाडीत घेतलं नाही तर चालत जाऊ! दुसऱ्या दिवशी माणसं दासगावला उतरली, महाडला पोचली, आणि त्याच दिवशी मनुस्मृती जाळली.

म्हंजे आमच्या बंदराचं नाव त्या इतिहासात आहे ते टाळलेली वाट म्हणून. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी त्यातून एवढंच घेतलं, की जी सोय दुसऱ्याच्या मोटारीवर उभी असते ती आपली सोय नव्हे. निघायच्या आधी विचारायचं: यांनी नाही म्हटलं तर आपले पाय आपल्याला पोचवतील का?

गिटारीला हेच विचारलं. वीज गेली तर? स्पीकरवाल्यानं ऐनवेळी तारीख दिली नाही तर? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वाद्यंही बंद. म्हंजे उघड्यावरचं गाणं दहाच्या आतच. पण बिनवायरची गिटार, ढोलकी आणि चार गळे यांना ना वीज लागते, ना स्पीकरवाला. म्हणून प्लग नाही.

धोबी तलावला गेलो. तिथं वाद्यांची जुनी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात पोरानं आधी माझ्या हातांकडं बघितलं. ग्रीस नखांत बसतं, निघत नाही. म्हणाला, "पहले बताओ कौनसा, फिर निकालता हूँ." मी म्हणालो, सहा काढ. वाजवून बघणार, मगच पैसे.

पुन्हा सुरू करणाऱ्यानं काय बघावं ते सांगतो. दांडीच्या टोकाला डोळा लावायचा, आपण मिलमध्ये शाफ्ट बघतो तसा. वाक दिसला की बाजूला ठेवायची. थोडा वाक असेल तर दांडीच्या आत सळई असते, ॲलन कीनं ताण देता येतो. जास्त असेल तर नादी लागू नये. मग बाराव्या घरापाशी तार आणि पट्टी यांतली फट बघायची. तीन मिलिमीटरच्या वर असेल तर बोटं सोलून निघतात, आणि वर्षांनी परत आलेला माणूस आठवड्यात वाद्य खुंटीला टांगतो. माझ्या हाताला घट्टे आहेत, पण ते तळव्याला. तारेला ते बोटांच्या टोकाला लागतात. ते माझे कधीच गेलेत. मग मोकळी तार छेडायची आणि तीच बाराव्या घरात दाबून छेडायची. वरचा तोच सूर नेमका आला पायजे. नाही आला तर गिटार जन्मभर बेसूर. शेवटी घोडी पोटावर नीट चिकटलीय का, कडेनं नख घालून बघायचं.

दुकानदार म्हणाला, ही घ्या, वरची फळी एका शुद्ध लाकडाची, आवाज बघा. आवाज खरंच गोड होता. पण खाडीच्या काठावर पावसाचे चार महिने असं लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, कधी तडकतं. थरावर थर चिकटवलेली प्लायवूडची फळी तेवढी गोड बोलत नाही, पण आमच्या हवेत टिकते. शुद्धतेचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. मी थरांची घेतली. पोट मध्यम, म्हंजे आत्याच्या आवाजावर चढून बसत नाही. तारा पोलादी, पण बारीक. नायलॉनच्या बोटाला मऊ लागतात, पण उघड्यावर त्यांचा आवाज पोचत नाही. पोलादाला खाऱ्या हवेत गंज चढतो, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि जादा संच घरात ठेवायचा. सगळं मिळून साडेपाच हजार. शिवाय एक कॅपो. तो चिमटा पहिल्या घरात लावला की सीची पकड काळी एक होते आणि जीची काळी चार. तिसऱ्या घरात लावला की तीच सीची पकड काळी दोन. ती आत्याची पट्टी. गायकानं वाद्याच्या मागं फरफटत जायचं नाही, वाद्यानं गायकाकडं यायचं.

आता रात्रपाळी नसेल त्या दिवशी बसतो. आत्या गाते, ढोलकीवाला पोरगा मोबाईलवर धरून ठेवतो, मी वहीत उतरवतो. अकरा गाणी झाली. एका गाण्याचं शेवटचं कडवं तिला आठवत नाही. ते कर्जतकडच्या, माणगावकडच्या कुणा म्हातारीच्या तोंडात असेल. तुमच्या वस्तीत विचारा.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. २०२७ साली त्याला शंभर वर्षं भरतात. मोठे मंच होतील, मोठे स्पीकर लागतील, लागू देत. पण दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल आमचं कलापथक चालत जाणार आहे, गात. सांगावा माझा एवढाच, की तुम्हीही या, आणि येताना जे वाद्य खांद्यावर टाकून पाच मैल नेता येईल तेच आणा.