घरपट्टी, ऑगस्ट आणि बारा डॉलर

न्यू जर्सीत घर घेताना आम्ही सगळं तपासलं होतं. छप्पर किती जुनं, बेसमेंटमध्ये पाणी येतं का, स्टेशन किती लांब... एकच गोष्ट एक्सेलच्या तळाशी ‘इतर’मध्ये ढकलली होती. प्रॉपर्टी टॅक्स. म्हणजे आपली घरपट्टीच हो. वर्षाचे नऊ हजार डॉलर हे ऐकून बाबांना आधी वाटलं फोनला खरखर आहे. मग म्हणाले, “अरे, घर तुझंच आहे ना? की भाड्याने राहतोस?”

आता काय सांगणार! २०२४ साली या राज्यातल्या सरासरी बिलाने दहा हजारांचा आकडा ओलांडला. म्हणजे मी स्वस्तातच सुटलो होतो.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या सगळ्या घरांचं फेरमूल्यांकन झालं आणि फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड आलं. घराची किंमत तीन लाखांवरून थेट सहा लाख! किंमत दुप्पट म्हणजे टॅक्स दुप्पट, असा सरळ हिशोब करून मी हबकलो. पुढचे महिने ‘बघू’ म्हणण्यात गेले. ऑगस्टचा हप्ता आला तो तीनेकशे डॉलरने वाढलेला. मग मात्र तावातावाने भाषण तयार केलं आणि टाऊनशिपच्या सभेत जाऊन उभा राहिलो.

मी ग्रीन कार्डच्या रांगेतला माणूस, मला मत नाही. पण इथल्या कायद्याप्रमाणे सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. तीन मिनिटं मिळाली. मेयरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, बजेट मे महिन्यातच मंजूर झालं. आणि तुमच्या बिलातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांचा आहे. तो विभाग वेगळा, त्यांची सभा वेगळी.”

थोडक्यात, मी चुकीच्या महिन्यात चुकीच्या खोलीत भांडत होतो. प्रॉडक्शनला गेलेल्या कोडवर रिव्ह्यू कॉमेंट टाकण्यासारखं :)

घरी येऊन मग नीट वाचायला बसलो. इथे गणित उलटं चालतं. आधी दर आणि मग जमेल तेवढा खर्च, असं नाही. टाऊनशिप, शाळा आणि काउंटी आपापला खर्च ठरवतात. राज्याकडून येणारं अनुदान, फिया वगैरे वजा करून उरेल ती रक्कम घरपट्टीतून उभी करायची. तिला गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या मूल्याने भागलं की दर मिळतो. समजा सहा कोटी डॉलर हवेत आणि गावाचं मूल्य ३०० कोटी आहे, तर शंभर डॉलरला दोन डॉलर. फेरमूल्यांकनात सगळ्यांचीच घरं दुप्पट झाली तर मूल्य ६०० कोटी, दर एक डॉलर आणि बिल होतं तेवढंच! तुमचं घर इतरांपेक्षा जास्त चढलं, तरच तुमचा वाटा वाढतो. माझं घर सरासरीइतकंच चढलं होतं. म्हणजे माझी वाढ पोस्टकार्डामुळे नव्हती, बजेटमुळे होती.

मग ऑगस्टलाच एवढा दणका का? कारण फेब्रुवारी आणि मेचे हप्ते मागच्या वर्षीच्या बिलावरून काढतात. अख्ख्या वर्षाची वाढ ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या हप्त्यांवर येऊन पडते.

आणखी एक गंमत म्हणजे वसुली सगळ्यांची टाऊनशिपच करते. कुणी टॅक्स थकवला तरी शाळेला आणि काउंटीला त्यांचे पैसे पूर्ण द्यावेच लागतात. त्यासाठी बजेटमध्ये ‘वसूल न होणाऱ्या करासाठी’ असा वेगळा राखीव निधी असतो. म्हणजे बुडवणाऱ्यांची सोयही आपणच आधी करून ठेवायची!

पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी शाळेच्या बजेटची जाहीर सुनावणी होती. या वेळी वेळेवर गेलो. अख्ख्या हॉलमध्ये आम्ही अकरा माणसं. प्रस्तावात लेकीच्या शाळेतल्या लायब्ररीच्या बाईंची जागा कापली होती. २०१० च्या कायद्याने करवसुलीची वाढ काही अपवाद सोडून वर्षाला दोन टक्क्यांवर बांधली आहे. करारातली पगारवाढ आणि आरोग्य विमा यांतच ते दोन टक्के संपत होते.

मी खुर्चीत बसून फोनवर हिशोब केला. पगार आणि विमा धरून समजा एक लाख वीस हजार. माझ्या सहा लाखांच्या घराला वर्षाचे बारा डॉलर.

माझ्या आधी शेजारच्या आजी उठल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. चाळीस वर्षं त्याच घरात, मुलं कधीच शिकून बाहेर पडलेली. म्हणाल्या, “घराचं कर्ज फिटलं, पण आता टॅक्सचा हप्ता जुन्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा मोठा आहे. मला हे घर सोडायला लावू नका.”

त्यांच्यानंतर माझा नंबर. गेल्या ऑगस्टमधलं माझं भाषण त्या आत्ताच करून बसल्या होत्या. मी माझे बारा डॉलर सांगितले आणि लायब्ररीच्या बाई ठेवा म्हणालो. आजींकडे बघायचं मात्र टाळलं.

ती जागा शेवटी निम्म्या वेळेची करून ठेवली.

बाहेर पार्किंगमध्ये आजी भेटल्या. म्हणाल्या, “तुझं गणित बरोबर आहे. पण तुझ्यासारखे बारा डॉलर मागायला दर वर्षी कुणीतरी येतंच.” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

ज्येष्ठांना वाढीव टॅक्स परत मिळण्याची राज्याची एक योजना आहे, सिनियर फ्रीझ नावाची. उत्पन्नाची वगैरे अट आहे, पण आजी बसतात त्यात. अर्ज त्यांनी कधी भरलाच नव्हता. गेल्या दोन वर्षांपासून तो मी भरून देतो.

असो. तुम्ही इथे घर घेतलं असेल तर कॅलेंडरमध्ये एप्रिलला खूण करून ठेवा. ऑगस्टला फक्त चेक लिहायचा असतो.